खोलीत उशा दोन होत्या: बारामती-इंदापूरची कामाची फेरी आणि लॉजचे दर

या ब्लॉगवरच्या आधीच्या सगळ्या नोंदी सहलींच्या आहेत. ही कामाच्या फेरीची आहे. कामासाठी बाहेरगावी मुक्काम करणाऱ्यांना, विशेषतः पहिल्यांदाच एकट्याने निघणाऱ्यांना, काही उपयोग झाला तर बरे, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील श्रावणात गेले. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दुधाचे फॅट मोजायचे यंत्र असते. ती यंत्रे नीट चालू ठेवणे हा त्यांचा धंदा. पुण्यात घरामागेच वर्कशॉप आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. दुरुस्ती, बिले, सुटे भाग माझ्याकडे, फिरणे बाबांकडे. यंत्र उघडून बसवायला मला अडचण नव्हती, पण गिऱ्हाइकाच्या दारात मी कधी उभी राहिले नव्हते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या डेअऱ्यांचे वर्षाचे करार मार्गशीर्षात संपत होते. फोन केले तर सगळे फार प्रेमाने बोलले आणि शेवटी सगळे एकच म्हणाले, "बघू." आईने दोन दिवस वाट पाहिली आणि मग म्हणाली, "बंद करून टाक. नोकरी कुठेही मिळेल तुला." मी म्हटले, एक फेरी करून येते. करार झाले तर धंदा चालवायचा, नाही झाले तर वर्कशॉपला कुलूप. तसे ठरवूनच निघाले.

पुण्याहून बारामती शंभर किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असे का नाही, हे विचारणारे भेटतात. कारण यंत्र तपासायचे ते बहुतेक ठिकाणी सकाळच्या दुधावर, आणि दूध सहाला यायला लागते. त्यामुळे मुक्काम आलाच. बाबा मुक्कामाला वडगाव निंबाळकरला आत्याकडे असत. आत्या त्यांची थोरली बहीण. त्यामुळे राहण्याचा खर्च त्यांच्या हिशेबात कधी आलाच नाही.

मी आत्याकडे उतरायचे नाही असे ठरवले. कारण सरळ होते. तिथे गेले की आत्याचा मुलगा संजूदादा सोबत येणार, डेअरीत तोच बोलणार, आणि सचिव त्याच्याशीच बोलणार. करार झाला असता तर तो दादाच्या शब्दावर झाला असता. दुसरे कारण म्हणजे मला रडायचे नव्हते. आत्याच्या ओसरीवर बाबांची खाट आहे. ती पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे मला काम जमले नसते. आत्याला मी काहीच कळवले नाही.

म्हणजे आता राहण्याचे भाडे कराराच्या पैशातून निघायला हवे होते. तीन रात्रींना चार हजारांच्या वर गेले तर फेरी परवडत नाही, हे मी आधीच मांडून पाहिले होते.

तयारी, आणि माझी चूक

ॲपवर बारामतीचे एक बरे हॉटेल दिसले. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला, पार्किंग असलेले. त्याच खोलीचे दोन दर होते. रद्द करता येणारी सतराशे, रद्द न होणारी साडेचौदाशे. मी दोन रात्रींचे पाचशे वाचवले आणि रविवार-सोमवारचे पैसे भरून टाकले. मंगळवारी इंदापूरला एखाद्या साध्या लॉजवर राहू, असा विचार.

आता कळते ते सांगते. रद्द न होणारा दर स्वस्त असतो कारण आपला बेत बदलला तर नुकसान आपले, हे आपण आधीच कबूल केलेले असते. तारीख आपल्या हातात असेल तरच तो घ्यावा. माझी तारीख डेअरीवाल्यांच्या हातात होती.

रविवार: पुणे ते कऱ्हाटी, आणि मग भलतीकडेच

दुपारी जेवून निघाले. सासवड, जेजुरी, मोरगाव हा रस्ता घेतला. पाटस मार्गे हायवे लवकर नेतो, पण टोल लागतो आणि कऱ्हाटी चुकते. दिवे घाटात रविवारची गर्दी होती. जेजुरीनंतर रस्ता मोकळा. मोरगावला चहा घेतला. बाबा इथे नेहमी थांबायचे. चहावाल्याने गाडी ओळखली आणि मागच्या सीटकडे पाहिले. मी पैसे दिले आणि निघाले.

कऱ्हाटीची डेअरी संध्याकाळच्या दुधाला गाठली. छोटी डेअरी, यंत्र ठणठणीत. काम झाले आणि तेवढ्यात इंदापूरजवळच्या डेअरीचे मालक आबा यांचा फोन आला.

"ताई, उद्या सकाळी सहाला हितं पायजे. मशीन आकडा खोटा दावतंय. लोकं दूध घालंनात."

"आबा, उद्या मी बारामतीत आहे. बुधवारी..."

"बुधवारी मग मी दुसऱ्याला बोलावतो की."

मी म्हटले, येते.

बारामतीच्या हॉटेलात फोन लावला. मॅनेजर अल्ताफभाई. पुढचे तीन दिवस त्यांच्याशी इतके बोलणे झाले की आता ते ओळखीचे वाटतात. त्यांना सांगितले, आजची रात्र येत नाही, पुढे सरकवता येईल का?

"ॲपवर पैसे भरल्यात ना तुमी? मग ते आमच्या हातात न्हाय. आजचे गेले समजा." मग म्हणाले, "आणि रविवारचे साडेचौदाशे का भरले? रविवारी हितं कंपनीचा एक माणूस नसतो. अर्धं हॉटेल मोकळं. फोन केला असता तर हजारात दिली असती."

हे मला ठाऊक नव्हते. लोणावळ्यात शनिवार-रविवार महाग, इथे उलटे. जिथे लोक कामाला येतात त्या गावात मंगळवार-बुधवार महाग आणि रविवार स्वस्त. बेत करताना एवढे एक लक्षात ठेवले तरी पुरे.

कऱ्हाटीहून इंदापूरला जाताना भवानीनगर, लासुर्णे अशी गावे लागतात. ऊस तोडणीचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढे, त्यांना मागे दिवे नाहीत. अंधार पडल्यावर या रस्त्याला घाई करू नका. मी लासुर्ण्याला गाडी थांबवून इंदापूरच्या तीन लॉजना फोन केले. पहिला म्हणाला बाराशे. दुसरा म्हणाला, एकट्या बाईला देत नाही. तिसऱ्याने हजार सांगितले. मी विचारले, कर धरून का? हो. चेकआउट?

"चोवीस तासाचं हाय आपलं. आज आठला आला तर उद्या आठपर्यंत खोली तुमची."

हे फार महत्त्वाचे आहे. मोठ्या हॉटेलांत दुपारी बाराला खोली सोडावी लागते. आपण संध्याकाळी पोचणार आणि पहाटे निघणार असू, तर त्या दराचा अर्धा भाग वायाच जातो. चोवीस तासांच्या लॉजवर पहाटे काम करून परत येऊन अंघोळ, जेवण, झोप सगळे त्याच पैशात होते.

काउंटरवर एसीचा रिमोट ठेवलेला दिसला. मी म्हटले, थंडी आहे, मला एसी नको, रिमोट तुमच्याकडेच ठेवा. मालक हसला आणि दोनशे कमी केले. खोली तीच.

इंदापूरला उजनीचे मासे चांगले मिळतात. खाणाऱ्यांनी चिलापी जरूर खावी. मी यंदा खात नाही. लॉजशेजारच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली, चांगली होती.

सोमवार: आबांची डेअरी

पावणेसहाला पोचले. आबा मफलर गुंडाळून दारातच उभे.

"एकट्याच आलाय? मागनं कोण येणार हाय का?"

"नाही. मीच."

यंत्राच्या नळीत दुधाचा थर साचला होता. मी नळी साफ केली, एकाच दुधाचा नमुना यंत्रावर आणि जुन्या आम्लाच्या पद्धतीने असा दोन्हीकडे तपासला आणि आकडा जुळवून दिला. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "आता बघा, आबाच्या म्हशीला बी आमच्यागत फॅट लागंल." सगळे हसले, आबाही हसले. मग मी कराराचा विषय काढला.

"काम चांगलं हाय तुमचं," आबा म्हणाले. "पर ताई, दर वेळेला बोलावल्यावर याल का? बापू यायचा." बापू म्हणजे माझे वडील. "तुमी सांगवीच्या तात्यांना इचारा. ते म्हनले वर्षाचं करू, तर आमी समदी करू."

सांगवीची डेअरी सगळ्यात मोठी आणि तात्या तिचे सचिव. म्हणजे अख्खी फेरी आता तात्यांवर आली. फोन केला, बारामतीत लॉजवर उतरतेय म्हटले, तर ते म्हणाले, "बुधवारी सकाळी या. सहा म्हंजे सहा."

म्हणजे मंगळवारची रात्रही आता बारामतीतच. दुपारी हॉटेलवर पोचले. सोमवारचे पैसे भरलेले होते. खोली स्वच्छ, गरम पाणी येत होते, आणि पलंगावर दोन उशा. इंदापूरलाही दोन होत्या. मी एक उचलून कपाटात ठेवली.

खाली येऊन मंगळवारचा दर विचारला.

"अठ्ठावीसशे," अल्ताफभाई म्हणाले.

"काल हजार म्हणत होता."

"ताई, बुधवारी तिथी हाय. मोठं लग्न हाय मागच्या कार्यालयात. एकच खोली उरलीया, बाकी सगळ्या पाव्हण्यांनी घेतल्यात. कॅलेंडर बघून निघायचं ना."

आमच्या घरात यंदा कॅलेंडरवरच्या लग्नतिथींकडे कुणी पाहिले नव्हते. पण तुम्ही पाहा. बारामती, फलटण, इंदापूर, कुठेही असो, खोली ठरवण्याआधी लग्नाची तिथी पाहा. जानेवारीत शेतीचे प्रदर्शन असते तेव्हाही हेच होते म्हणे.

दुसरीकडे दोन ठिकाणी जाऊन आले. तिथेही तेच दर. परत आले आणि काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसले. अठ्ठावीसशे देणे शक्य नव्हते. आत्याकडे जाणे शक्य होते, आणि म्हणूनच जायचे नव्हते. मग विचारले, "पाहुणे नक्की कधी येणार आहेत?"

"थोडे उद्या रात्री. बाकीचे बुधवारी सकाळी सात-आठला, लांबचे हायत."

"म्हणजे काही खोल्या मंगळवारी रात्री रिकाम्याच राहणार."

"पैसे आल्यात त्यांचे."

"तरी रिकाम्याच. मी उद्या संध्याकाळी येते आणि बुधवारी पहाटे पाचला किल्ली देते. नाश्ता नको, एसी नको. तुमच्या माणसाला सात वाजायच्या आत खोली झाडता येईल."

अल्ताफभाईंनी चष्मा काढला. "पाचला खरंच उठाल?"

"सहाला सांगवीला पोचायचं आहे."

त्यांनी लग्नघरी फोन केला. त्यांची हरकत नव्हती. तेराशेला ठरले. सोमवारच्या रात्रीचे सामान मंगळवारी सकाळी काउंटरवर ठेवायचे आणि संध्याकाळी नव्या खोलीत जायचे, एवढी एक अडचण. हॉटेल खोली विकत नाही, वेळ विकते, हे मला तेव्हा नीट समजले. आपल्याला नेमका कोणता वेळ नको आहे हे सांगता आले तर दर उतरतो. ॲपवर हे सांगायला जागा नसते, त्यासाठी माणसाशी बोलावे लागते. मला बोलण्याची सवय नाही. तरी जमले.

मंगळवार: आत्या

सकाळी बारामतीतल्याच दोन डेअऱ्या केल्या. दुपारी फोन वाजला. आत्या.

"कुठं हायस?"

खोटे बोलायचे मनात आले नाही. "बारामतीत."

"ते कळलंय मला. सांगवीचा तात्या म्हनला, तुमची भाची येनार हाय बुधवारी, लॉजवर उतरलीया. बाजारात म्हनला, चार बायकांम्होरं. माझ्या भावाची पोर पैसं देऊन झोपती व्हय? आन् मी काय मेली?"

"आत्या, तसं नाही..."

"कुठलं लॉज? नाव सांग."

संध्याकाळी मी नव्या खोलीत सामान लावत होते, तेव्हा खालून अल्ताफभाईंचा फोन आला. "ताई, खाली या. एक आजी आल्यात, ऐकंनात."

आत्या काउंटरसमोर उभी होती. हातात मोठा डबा आणि पिशवी, मागे संजूदादा. मला वाटले आता मला घेऊन जाणार. मी म्हणायला सुरुवात केली, "आत्या, मला पहाटे लवकर..." तर तिने हात वर केला.

"मी तुला न्यायला आली न्हाय. मी ऱ्हायला आलीया." मग अल्ताफभाईंकडे वळून, "किती घेतलं पोरीकडनं?"

"तेराशे, आजी. पन ते एकाचे हायत. जास्तीच्या माणसाचे तीनशे..."

"खोलीत उशा किती हायत?"

अल्ताफभाई माझ्याकडे पाहू लागले.

"दोन," मी म्हटले.

"मग दुसरी कुणासाठी ठिवलीया? तुमच्या सासूसाठी?"

रिसेप्शनवर बसलेले लग्नाचे दोन पाहुणे मोठ्याने हसले. अल्ताफभाईंनी हात जोडले. "आधार कार्ड तरी द्या, आजी. तेवढं लागतं."

आत्याने कमरेच्या पिशवीतून ते काढून दिले. तयारीनेच आली होती. आणि खरे तर तिचेच बरोबर होते. खोलीचा दर बहुतेक ठिकाणी दोघांचा असतो. एकट्याला काही ठिकाणी कमी करून मिळतो, पण तो मागावा लागतो. मी तीन दिवसांत एकदाही मागितला नव्हता.

संजूदादा म्हणाला, "पहाटे मी गाडी घेऊन येतो. तात्याशी मी बोलतो, माझं ऐकतंय ते."

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "तू घरी जा. म्हशी बघ."

खोलीत तिने आधी नळ सोडून पाहिला, पलंग दाबून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच हॉटेलात राहत होती. मग टॉवेल पसरून डबा उघडला. पुरणपोळी, तूप, आमटी. पिशवीतून साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. दुखवट्याची. माणूस गेल्यावर जवळच्यांनी घरच्यांना नवे कापड देऊन गोड खाऊ घालायचे, म्हणजे दुखवटा निघतो. श्रावणापासून आत्या बोलावत होती आणि मी काहीतरी कारण सांगत होते.

"तू येईनास," ती म्हणाली, "म्हनून म्या आनलं."

मी पोळी खाल्ली. तिने दुसरी वाढली. मग ती बाबांविषयी बोलू लागली. तिच्याकडे आले की ते कसे मोज्यांसकट खाटेवर पडायचे, पहाटे कुणाला न उठवता चूल पेटवून चहा करायचे आणि साखरेचा डबा उघडाच टाकून जायचे. "मुंग्या लागायच्या. दर बारीला." मी रडले. आत्याने थांबवले नाही आणि स्वतःही डोळे पुसले नाहीत. खाली लग्नघरची पोरे जिन्यावरून पळत होती.

झोपायच्या आधी तिने कपाट उघडून पाहिले. मी तिथेही दुसरी उशी आत ठेवली होती. तिने ती काढली, झटकली आणि पलंगावर ठेवली.

बुधवार: सांगवी

पाचला किल्ली दिली. आत्या माझ्या आधीच अंघोळ करून बसली होती. अल्ताफभाई काउंटरमागे शाल घेऊन डुलक्या काढत होते. म्हणाले, "दोघी बी वेळेच्या पक्क्या." त्यांनी स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला. पुढच्या वेळी सरळ फोन करा म्हणाले.

सांगवीला उजेड व्हायच्या आधी पोचलो. गाडी थांबवली तर आत्या हललीच नाही.

"उतरत नाहीस?"

"मी कशाला? मी हितंच बसती. तुझं तू बघ जा."

शाल डोक्यावरून ओढून ती तिथेच बसून राहिली. तात्यांना ती नक्की दिसली असणार, पण ती गाडीबाहेर आली नाही.

तात्यांनी मला बसायलाही सांगितले नाही. किटल्या घेऊन लोक उभे होते. एक जण तावातावाने म्हणत होता की काल त्याच्या दुधाचा आकडा मुद्दाम कमी लावला. तात्या म्हणाले, "ही मशीनवाल्याची पोरगी. तिलाच इचार."

मी त्याच्या दुधाचा नमुना घेतला. थंडीने दूध गार होते. मी ते हाताच्या उबेला धरले, हळूहळू हलवले, फेस बसू दिला आणि मग लावले. आकडा वाढला. मी तात्यांना सांगितले की यंत्र बरोबर आहे, गार दूध तसेच लावले की आकडा चुकतो, त्यात यांचीही चूक नाही आणि तुमचीही नाही. नमुने ठेवायला कोमट पाण्याचे भांडे ठेवा. त्याला खर्च नाही.

"म्हंजे मशीनला काय झालं नव्हतं," तात्या म्हणाले.

"नाही."

"मग बिल कशाचं लावनार?"

"आजचं लावत नाही. वर्षाच्या करारातच येतं ते."

तो माणूस हसला, तात्या हसले नाहीत. सगळे दूध होईपर्यंत त्यांनी मला उभे ठेवले. मी उभी राहिले. शेवटची किटली गेल्यावर म्हणाले, "महिन्यातनं एक बार न्हाय चालणार. बापू पंधरा दिसाला यायचा. तसं जमतंय का?"

महिन्यातून दोनदा मुक्काम. मी मनात दर मांडले. रविवारी यायचे, तिथी पाहायची, पहाटे खोली सोडायची. "जमतंय," मी म्हटले.

"मग करू वरसाचं. आन् आबाला फोन लावून सांगतो मी."

गाडीत बसल्यावर आत्याने फक्त एवढेच विचारले, "झालं?" मी हो म्हटले. तिला वडगावला सोडले, चहा घेतला. खाट ओसरीवरच होती. थोडा वेळ मी तिच्यावर बसले.

घरी

आईला सांगितले तेव्हा तिने वर्कशॉपची किल्ली फ्रीजवरून काढली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

राहण्याचा खर्च वाया गेलेल्या रविवारसकट पाच हजार झाला. ठरवलेल्यापेक्षा हजार जास्त. ॲपच्या ऐवजी आधी फोन केला असता तर तीन हजारांच्या आसपास बसला असता. तो रविवार मी शिकण्याच्या खात्यावर टाकला आहे.

पुढची फेरी ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी पाहिली आणि अल्ताफभाईंना फोन केला. रविवार, पहाटे पाचला किल्ली, नाश्ता नको. हजार रुपये, ते लगेच म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "किती माणसं?"

आदल्या दिवशीच आत्याचा फोन येऊन गेला होता. गरम पाणी चांगले होते म्हणत होती.

"दोन," मी म्हटले.